वाखाचा घागरा

ये बाई, अशी जवळ ये. भात गरम आहे, अंडं उकडलंय, सावकाश घे. गाणारे काका खालच्या वस्तीवरून निघालेत. ते एकदा गायला बसले की मध्ये कुणी बोलायचं नसतं. तोवर मी एका सुनेची गोष्ट सांगते. मन लावून ऐक आणि मध्येच उठू नकोस.

तिचं नाव झुआ. डोंगरावरच्या आपल्या ह्मोंग वस्तीतली. नवरा चिआंग माई शहरात बांधकामावर, घरात ती आणि तिची सासू. सासू पिकलं पान. हातांना कंप सुटलेला, पण जिभेला नाही.

म्हातारीला एकच धास्ती होती. आपलं माणूस जाताना अंगावर वाखाचं कापड हवं. उंच भांगेच्या सालीचा वाख, त्याचं सूत, त्याचं कापड. ते पाहूनच पूर्वज ओळखतात आणि दार उघडतात. पण मध्यंतरी सरकारनं त्या झाडाला नशेच्या यादीत घातलं. शिपाई आले, परसातली रोपं उपटून जाळून गेले. तिचा म्हातारा नेमका त्याच काळात गेला. बाजारातल्या नायलॉनच्या कपड्यात त्याला पुरलं. नायलॉन मातीत कुजतसुद्धा नाही. तेव्हापासून तो म्हातारीच्या स्वप्नात येई आणि कुठल्याशा बंद दाराबाहेर उभा राही.

पुढे कायदा फिरला. शेतकी खात्याचे प्रासित साहेब बियाण्याच्या पिशव्या घेऊन वर आले. वस्तीला गोळा करून त्यांनी फायदे सांगितले. या झाडाचे दोर होतात, पिशव्या होतात, भिंतीच्या विटा होतात, बियांचं तेल निघतं. पाणी कमी लागतं, फवारणी नको, शहरातले लोक कापड मागून घेतील. वस्ती माना डोलावत होती. म्हातारीनं मात्र साहेबांकडे निरखून पाहिलं.

"साहेब, मागच्या खेपेला उपटायला आलेले तुम्हीच ना?"

साहेब ओशाळून हसले. "तेव्हा कायदा तसा होता, आजी."

"मग आताच मरून घेऊ का? पुन्हा फिरला म्हणजे?"

सगळे हसले. झुआ हसली नाही. तिनं परवान्यासाठी अर्ज केला. म्हातारीकडे ओळखपत्रच नव्हतं, जन्म डोंगरापलीकडच्या देशातला. म्हणून परवाना सुनेच्या नावावर निघाला. एका पिकापुरता, घरामागच्या तुकड्यापुरता.

झुआनं दाट पेरलं. झाडं सरळ वाढली, माणसाच्या डोक्यावर गेली. आता कापायचं, तर साहेब आले आणि शेंडे खुडून घेऊन गेले. शहरात तपासणी होणार, झाडात नशा नाही असा दाखला येणार, मगच विळा लावायचा.

दाखला येईना. पानं पिवळी पडू लागली, ताटं निबर होऊ लागली. उशीर झाला की साल सुटत नाही, हे वस्तीतल्या पोरींनाही कळतं. झुआ रोज बांधावर जाऊन उभी राही, एखादं ताट वाकवून बघे आणि सोडून देई. विळा कमरेला, पण लावायचा कसा? दाखल्याआधी कापलं तर पुन्हा शिपाई येतील. तिनं फोन केले. शेवटी साहेबच वर आले आणि तिच्याशेजारी बांधावर उभे राहिले. तपासायचं यंत्र बिघडलंय, माझ्याही हातात काही नाही, असं म्हणून तेही शेताकडे बघत राहिले.

"तुझ्या साहेबाला सांग," म्हातारी घरातून ओरडली, "माझा जीव शिक्क्यात अडकलाय. तो कागदावर उमटेपर्यंत मी काही मरत नाही."

दाखला आला तेव्हा बरंच पीक सरपणाच्या लायकीचं झालं होतं. चांगल्या ताटांचा वाख निघाला तो एका माणसाच्या कपड्यांपुरता. झुआनं साल सोलली. डुकरांना चारा टाकताना, पाणी आणताना, शेजारणीशी बोलताना तिची बोटं वाखाच्या पट्ट्या जोडत राहिली. मग सूत राखेच्या पाण्यात उकळलं आणि मागावर चढवलं.

"इतकं हळू विणतेस," म्हातारी म्हणायची, "मला जगवायचा बेत दिसतोय."

"घाई असेल तर माग तुम्ही चालवा, आई."

"माझा हात थरथरतो."

"जीभ नाही ती थरथरत."

मेणाची नक्षी झाली, निळीत बुडवून झालं, घागऱ्याच्या चुण्या पडल्या. म्हातारीनं तो एकदा नेसून पाहिला आणि काढायलाच तयार होईना. शेजारणी म्हणाल्या, नवरी दिसतेस. तिनं लाजून पदराआड हसावं तसं हातानं तोंड झाकलं. मग घागरा स्वतः घडी घालून पेटीत ठेवला. कित्येक वर्षांनी ती त्या दिवशी पोटभर जेवली.

"आणि तुझा गं?" तिनं सुनेला विचारलं.

"माझा पुढच्या पेरणीला. मला कुठं जायचंय?"

पुढच्या पेरणीला परवानाही नवा लागणार होता. झुआ सकाळीच पिकअप गाडीत बसून खालच्या कचेरीत निघाली. म्हातारीनं दारातून मीठ आणायला सांगितलं. झुआनं मागच्या फळीवरून हात हलवला.

वळणावर गाडी दरीत गेली. दुपारी माणसांनी तिला वर आणलं. शेजारणी बाजारातून नायलॉनचे कपडे आणायला निघाल्या होत्या. म्हातारीनं त्यांना थांबवलं, पेटी उघडली आणि घागरा सुनेला नेसवला. ऐकलंस ना, झुआ? तू गेलीस हे एकदम सांगितलं असतं तर घाबरली असतीस, म्हणून गोष्ट करून सांगितलं. घागरा तुला छान बसलाय गं. काका गाऊन वाट दाखवतील, आणि पूर्वज तुला लगेच आत घेतील. पण पोरी, तुझ्या सासूला विसरू नकोस. माझा लेक काही शेतीला परतायचा नाही, आता परवाना काढायला कुणी नाही, मी येईन ती नायलॉनमध्येच येईन. तिथं मला कुणी ओळखणार नाही. तू ओळख.