नातेपुत्याचं स्थळ

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि मोहोळच्या त्रिंबकअण्णांनी चारी चाकांनी ओढणारी एक जुनी जीप वॅगन उभी करायला घेतली. कुणी दार दिलं, कुणी सीट. बाकीचं सोलापूरच्या भंगारातून आलं. इंजिनही धडधडायला लागलं, पण गिअरबॉक्स काही मिळेना.

मग कळलं, तश्शीच वॅगन नातेपुत्याच्या आबासाहेबांच्या गोठ्यात पडून आहे, आणि त्यांची मुलगीही लग्नाची आहे. अण्णांनी लगेच मुलासाठी निरोप धाडला. पहिल्याच निरोपाला होकार आला.

पोहे झाले. मुलगा मुलीकडे बघत होता. अण्णांची नजर मात्र खिडकीतून गोठ्याकडे. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"आबासाहेब, पोरगी पसंत हाय. हुंडा बिंडा कायबी नगं. तेवढा गोठ्यातला गिअरबॉक्स द्या, की बार उडवून टाकू."

आबासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. आतून कुणीतरी फिस्सकन हसलं.



"घ्या आता!" आबासाहेब म्हणाले. "आवो, तुमच्या इंजिनावर डोळा ठेवूनच तर आमी होकार कळवला की!"