रिचमंडचे न्यायमूर्ती खाली उतरतात

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत ओपल स्टॅन्सिल एकटीच उभी होती. टॉलिव्हरला वाटलं, जिन्याने गेलो असतो तर बरं झालं असतं.

"या ना, सर. चावत नाही मी."

तो आत शिरला. तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. सुपरमार्केटमध्ये सोड्याच्या बाटल्यांचा अख्खा ढीग त्या हातावर कोसळला होता. तेव्हापासून त्यात चमचाही धरवत नाही, असं तिच्या दाव्यात लिहिलेलं होतं. बटण तिने डाव्या हाताने दाबलं, अंगाला पीळ देऊन.

"डाव्या हाताने लिपस्टिक लावलीय. जोकर दिसतेय का हो?"

"नाही, मॅडम. छान दिसताय."

"तुम्ही सुपरमार्केटचे वकील. तुम्ही कसलं खरं सांगताय!"

टॉलिव्हर उजव्या हातातली कॉलेजची अंगठी फिरवू लागला. लाज वाटली की तो ती फिरवायचा. अलीकडे ती बरीच फिरत होती.

खालच्या कोर्टाने ओपलचा दावा फेटाळला होता, तो तिच्या हाताकडे बघून नव्हे. तिचे वकील पर्सेल मुदतीत कागद द्यायला पुन्हा पुन्हा विसरले आणि टॉलिव्हरने ते अदबीने कोर्टाच्या नजरेस आणून दिलं. ऑफिसात केक कापला गेला. घरी बायकोने विचारलं,

"म्हणजे तिचा हात मोडलाच नाही, असं ठरलं?"

"तसं नाही गं, लिनेट."

"मग काय ठरलं?"

"तिच्या वकिलाला कॅलेंडर वाचता येत नाही, असं ठरलं."

"आणि शिक्षा तिला! वा रे माझा वाघ!"

तेव्हापासून वाघ नीट जेवत नव्हता.

वर रिचमंडच्या अपिलाच्या कोर्टात तीन न्यायमूर्ती बसले होते. मधोमध हॅथकॉकबाई. पर्सेल स्वतःच्याच कागदांत हरवून, घाम पुसून खाली बसले. मग टॉलिव्हर उभा राहिला.

"मिस्टर टॉलिव्हर," हॅथकॉकबाई म्हणाल्या, "या दिरंगाईमुळे तुमच्या अशिलाचं काही नुकसान झालं?"

सगळं या प्रश्नावर अडलं होतं. 'हो' म्हटलं की दावा कायमचा गाडला जाणार. उत्तर पाठ होतं: दुकानातला एकुलता एक साक्षीदार नोकरी सोडून अलास्काला निघून गेला आहे.

त्याने मागे पाहिलं. ओपल डावा हात आणि दात वापरून खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत होती. गोळी खाली पडली. ओपल तिच्याकडे नुसती बघत राहिली.

"नाही, युवर ऑनर," टॉलिव्हर म्हणाला. "साक्षीदार लांब गेलाय, पण सापडेल. विमानं जातात तिकडे."

पर्सेलनी मान वर केली. आपण जिंकतोय, हे त्यांना सवयीप्रमाणे उशिरा कळलं.

"असं उत्तर आम्हाला रोज ऐकायला मिळत नाही," हॅथकॉकबाई म्हणाल्या. निकाल सवडीने येणार होता, पण तिन्ही चेहऱ्यांवर तो वाचता येत होता. आपलं सर्वांत मोठं अशील आता जाणार, हे टॉलिव्हरला कळत होतं. तरी कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याची अंगठी स्थिर होती.

युक्तिवाद संपला की या कोर्टाचे न्यायमूर्ती खाली उतरून दोन्ही वकिलांशी हात मिळवतात. तसे ते उतरले. ओपल कठड्याशी येऊन उभी होती. हॅथकॉकबाईंनी तिला पाहिलं आणि अलगद हात बदलून डावा पुढे केला. टॉलिव्हरला भरून आलं.

न्यायमूर्ती आत गेले. त्यांच्या मागे दार लागलं.

"सर!" ओपल रडत, हसत कठड्यावरून वाकली. "तुमच्यासारखा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही हो!"

तिने त्याचा हात धरला आणि हापसा हापसावा तसा गदागदा हलवला. अंगठी बोटात अशी रुतली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या गळ्यातली झोळी रिकामी लोंबत होती.