मिस येते

“तू कामाला गेलीस की मिस येते,” बबडी म्हणाली, आणि वेणी घालणारा आईचा हात जागच्या जागी थांबला.

“कुठे येते?”

“इथेच. घरी.”

“रोज?”

“रोज. कधी जेवताना, कधी झोपताना.”

“मग बाबा काय करतात?”

“काम बाजूला ठेवतात आणि मला मांडीवर घेतात.”

रिबिनीची गाठ जरा जास्तच आवळली गेली. बबडी कळवळली. आईचं लक्षच नव्हतं.

ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत दुपारपाळी करायची. नवरा घरीच खिडकीशी टेबल टाकून घड्याळं दुरुस्त करायचा, बबडीला शाळेतून आणायचा, जेवू घालून झोपवायचा. आमचं अगदी छान चाललंय, असं ती सगळ्यांना सांगायची.

शाळेतली नवी मिस तिनं एकदाच पाहिली होती, फाटकाशी. केस मोकळे, हसणं त्याहून मोकळं. त्या दिवशी नवराही हसत होता. घरात दिवसभर बनियनवर बसणारा हा माणूस पोरीला आणायला जाताना इस्त्रीचा शर्ट का घालतो, याचा उलगडा तिला आत्ता झाला.

मग ती त्याच्या शर्टांचे वास घेऊ लागली. घड्याळाच्या तेलाखेरीज कसलाच वास येईना, म्हणजे माणूस सावध होता. एकदा मोरीत दोन कप दिसले.

“दुसरा कुणाचा?”

“बबडीच्या दुधाचा,” तो मान वर न करता म्हणाला.

उत्तर किती तयार होतं! लाँड्रीत परक्यांच्या चादरी झटकताना तिला प्रत्येक चादरीवर लांब, मोकळा केस दिसू लागला. पाळी सुटताना लाँड्रीतली जोडीदारीण सहज म्हणाली, “पोचलीस की मिस कॉल दे गं,” तरी ती दचकून मागे वळली.

शुक्रवारी तिला राहवेना. डोकं दुखतंय असं मुकादमाला सांगून ती अर्ध्या पाळीतून निघाली. स्टॉपवर येते तोवर बस मिस झाली. तो शब्दच तिच्या मुळावर उठला होता. ती तरातरा चालत निघाली. बाईला काय सुनावायचं ते वाटेत घोकत होती. ‘शाळेत शिकवता तेवढं पुरे, आमच्या घरात येऊन शिकवायची गरज नाही.’ नवऱ्याला काय सुनावायचं, ते मात्र सुचत नव्हतं. तिथं आलं की नुसतं रडू फुटत होतं.

घराचं दार तिनं धाडकन उघडलं. नवरा खिडकीशी बसला होता. मांडीवर बबडी. तिसरं कुणी नव्हतं.

“कुठे आहे ती?”

“कोण?” नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं.

“मिस!”

“गेली!” बबडी टाळ्या पिटत म्हणाली. “तू आलीस ना, लगेच गेली!”

आई स्वयंपाकघरात धावली. न्हाणीघर पाहिलं. पडद्यामागं पाहिलं. मागच्या दाराला आतून कडी होती. ती परत येऊन बबडीसमोर उभी राहिली.

“बबडे, खरं सांग. बाई कुठून गेल्या?”

“बाई?” बबडी गोंधळली. “बाई कशाला येतील आपल्याकडे? बाई शाळेत असतात. मिस येते.” तिनं छातीवर हात ठेवला. “इथे येते. मग दुखतं. बाईंनी शिकवलंय आम्हाला. आईची खूप खूप आठवण आली ना, की इंग्रजीत मिस म्हणायचं.”

आईच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली. ती मटकन तिथेच बसली. नवऱ्याकडे बघायची तिला लाज वाटली. तोही बघत नव्हता. पुसलेलं भिंग तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

बबडी मांडीवरून उतरली, आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बाबांना पण येते. पण ते म्हणतात, आईला सांगू नकोस.”