दुसरी रेघ

"गळलेले सांधे अकरा आहेत," धम्मशीला म्हणाली. "सगळे फेब्रुवारीतले. आणि अकराहीवर तुझी निळी रेघ आहे."

रेचलने नुसती मान हलवली. कँटीनमधला तिचा चहा केव्हाच निवला होता.

"अगं, ऐकतेयस ना? पद्माकर बोलावेल तेव्हा काही कबूल करू नकोस. आठवत नाही म्हण. मीटर बिघडलं असेल म्हण."

"मीटर बिघडलं होतं का?"

"कोण बघायला गेलंय!" धम्मशीलाने तिच्या हातावर हात ठेवला. "एकदा त्या जागेवर एजन्सीचं बदली माणूस बसलं ना, बाई, की तुला कुणी परत घेणार नाही. ही जागा कशी टिकली ते माझं मला ठाऊक. आता तू सत्यवादी होऊन ती घालवू नकोस."

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्या कारखान्यात रुग्णांना ने-आण करणाऱ्या व्हॅनच्या एसीच्या नळ्या जोडल्या जात. काम दिसायला साधे होते. नळीच्या तोंडावरचे टोपण अगदी शेवटच्या क्षणी काढायचे, म्हणजे आत दमट हवा जात नाही. सांध्यात बसणारी हिरवी रबरी रिंग तेलात बुडवून मगच चढवायची. कोरडी चढवली तर ती पिळली जाते, तिला केसाएवढी चीर पडते आणि गॅस हळूहळू, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, निघून जातो. नट आवळताना एक पाना सांधा धरायला आणि दुसरा फिरवायला, नाहीतर नळीच मुरडते.

हे सारे धम्मशीला करी आणि सांध्यावर पांढरी रेघ ओढी. मग तो रेचलकडे येई. रेचल आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्कचा पाना लावून 'कट्' असा आवाज येईपर्यंत नट तपाशी, नळीत चाचणीचा गॅस भरी, गळती हुंगणाऱ्या मीटरची बारीक नळी सांध्याभोवती सावकाश फिरवी आणि निळी रेघ ओढी. दुसरी रेघ नसलेली नळी दाराबाहेर जात नसे.

कुणाचाही हात चुकू शकतो, हे कारखान्याने धरूनच ठेवले होते; म्हणून तर दुसरी रेघ होती. पहिल्या रेघेची चूक समजून घेतली जाई. दुसरीची नाही.

एकोणीस वर्षे रेचल ती रेघ ओढत होती. तिच्या नवऱ्याला, योएलला, जाऊन आता चार महिने झाले होते. घरातल्या आरशांवर दुखवट्यात टाकलेल्या चादरी काढायचे राहून गेले होते. काढून तरी काय पाहायचे होते, असे तिला वाटे. रडू आले नव्हते. भूक लागत नव्हती आणि जेवण नकोसेही होत नव्हते. ती कामावर परतली तेव्हा तिची उंच खुर्ची, तिचे पेन, तिचा पाना, सारे जिथल्या तिथे होते. दुसऱ्या कुणाला तिथे बसवले नव्हते. तेवढी एक गोष्ट तिला बरी वाटली होती. फेब्रुवारीतले बाकी काहीच तिला आठवत नव्हते.

दोन वाजता बोलावणे आले. तपासणी विभागाचा पद्माकर मूळचा पुण्याचा, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या काचेच्या खोलीत टेबलावर मधोमध कापलेला एक सांधा ठेवला होता. रिंगेवरची चीर नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

"बसा, रेचलताई. चहा घेणार?"

"नको."

"गेल्या आठवड्यातल्या उकाड्यात डायलिसिसहून परतणारी एक बाई व्हॅनमध्ये बेशुद्ध पडली. एसी बंद होता. आता ठीक आहे ती." त्याने सांधा पुढे सरकवला. "ही रेघ कुणाची?"

"माझी."

"नीट बघा."

"निळं पेन आमच्या बेंचवर एकच आहे. माझं."

"पेन कुणाचं ते नाही विचारलं मी. रेघ कुणी ओढली?"

रेचलने काचेबाहेर पाहिले. धम्मशीला हातातले काम थांबवून इकडेच बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्यासाठी हिचा जीव किती तुटतो, असे रेचलला वाटले. पण ते वाटणेही दुसऱ्या कुणाचे असावे तसे लांबून आले.

योएल दोन वर्षे अशाच व्हॅनमधून डायलिसिसला जात होता. परतताना तो खिडकीला डोके टेकून बसे. त्या बाईनेही टेकले असेल.

"मीच ओढली," ती म्हणाली. "मीटर फिरवलं नसेल. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. धम्मशीलाचा हात चुकला असेल, पण तो पकडणं माझं काम होतं. तिला यात ओढू नका. कागद द्या, लिहून देते."

"नोकरी जाईल, ताई."

"माहीत आहे."

"तुम्हाला कुणी असं सांगायला सांगितलंय का?"

"उलट! ती बिचारी सकाळपासून बजावतेय, तोंड उघडू नकोस म्हणून."

पद्माकरने उठून काचेवरचा पडदा ओढला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

"हे अकराही सांधे चार ते नऊ फेब्रुवारीचे आहेत," तो हलकेच म्हणाला. "योएल गेल्यानंतर तुम्ही सात दिवस दुखवट्यात घरी जमिनीवर बसला होता, रेचलताई. त्यातल्या सहा तारखेला मी स्वतः तुमच्याजवळ येऊन बसलो होतो."