पाठिंबा

१९८१ साली रुपरावांना आयर्लंडचं भारी वेड. तिथल्या निवडणुकीपासून फुटबॉलपर्यंत सगळं ते रेडिओवर ऐकत. तिथले कैदी तुरुंगात उपोषण करून एकामागून एक मरायला लागले, तेव्हा मात्र रुपरावांना राहवेना. त्यांनी सक्करदऱ्याच्या चौकात सतरंजी टाकली आणि कैद्यांच्या पाठिंब्यासाठी एक दिवसाचं उपोषण धरलं.

दुपारी ऊन तापलं, बघे पांगले. रुपराव हळूच मागच्या गल्लीतल्या टपरीवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून दोन प्लेटा तर्री-पोहे हाणून परतले. संध्याकाळी गळ्यात हार पडला, हातात लिंबूपाणी आलं, टाळ्या झाल्या.

घरी बायको, जयवंता, दोन ताटं वाढून बसली होती. चेहरा पार उतरलेला.

"तू काहून नाही जेवली वं सकायपासून?"

"तुमी उपाशी, अन् मी कशी जेवू जी?"

रुपरावांची मान खाली गेली. तेव्हा त्यांना बाहीवरचा तर्रीचा लाल डाग दिसला. जयवंताही तिकडेच बघत होती. तिनं त्यांच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"तसा निरोप तरी धाडाचा होता जी. मीबी जेवली असती."