बियांचा तारखुना

ईस्टरच्या आदल्या दिवशी कोकराच्या रश्श्यासाठी तारखुन्याची सुवासिक पानं खुडायला म्हातारी माक्वाला वाफ्यावर गेली, तर सगळी मुळं कुजलेली. तारखुन्याची मुळं दर तीन वर्षांनी फोडून कुणाकुणाला देऊन टाकावी लागतात, नाहीतर तो आपल्याच गुंत्यात गुदमरतो. तिने आजवर कुणाला तुकडाही दिला नव्हता. तिच्या रश्श्यासारखा रस्सा गावात दुसऱ्या कुणाचा होऊ नये, एवढंच.

तेवढ्यात शेजारची सून तेओना हिरवीगार जुडी घेऊन कुंपणाशी आली. "काकू, तुमचा गेला ना यंदा? हा घ्या. मी मूळ मागितलं तेव्हा तुम्हीच बियांची पुडी दिली होती, तिच्यातलाच आहे."

माक्वालाने जुडी नाकाशी नेली. बियांच्या तारखुन्याला वास नसतो, चवही नसते, हे पुडी देतानाही तिला ठाऊक होतं.

"छान वाढलाय गं."

"वाढतो हो, पण माझ्या हातालाच चव नाही. तीन वर्षं सासूबाई पाहुण्यांना सांगतायत, आमची सून कोकरू गवतात शिजवते. उद्या येऊन शिकवाल?"

दुसऱ्या दिवशी त्याच जुडीचा रस्सा माक्वालाने स्वतः तेओनाच्या चुलीवर रांधला. आलुबुखारं, पांढरी वाइन, सगळं आपल्या हाताने घातलं. सासूने पहिला घास घेतला आणि हसली. "बघ माक्वाला, हिच्या शेजारी उभी राहिलीस, तर तुझाही हात बिघडला!"

"चुकलं माझं," मान खाली घालून तेओना म्हणाली.

कालपासून माक्वालाच्या ओठांवर अडलेले शब्द तेच होते.