डोळा लागला

तिसराही ट्रक थांबला नाही. नवसीनं वर केलेला हात तसाच राहिला आणि तोंडात धूळ गेली.

पाम गावच्या एसटी थांब्यावर तिचा नवरा बाकाला टेकून बसला होता. दोघं डोंगरातून गवत कापायला उतरलेली. त्याच्या घोट्याला फडकं गुंडाळलेलं होतं, मान सारखी छातीवर पडत होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कमलाकांत पालघरच्या गाडीची वाट बघत होता.

"काय झालं याला, बाई?"

"पान लागलंय, भाऊ."

"पान? कसलं?"

नवसीनं झटकन हात आडवा केला. "नाव नको घेऊ. बरा होईतवर आमी नाव नाय घेत."

कमलाकांतला हसू आलं. विचारलं पानाबद्दल, आणि ही नवऱ्याचं नाव लपवते! यांच्यात नवरा आजारी असला की नाव घेत नसतील. असतात एकेकाच्या रीती.

"पालघरच्या दवाखान्यात न्यायचाय. यष्टी कवा येल?"

"आली म्हणजे खरी."

नवसीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "वखारीवर शेठचा टेम्पो हाय. मी आणते. तू याच्याशी बोलत ऱ्हा, भाऊ. काय पण बोल. पण निजू नको देऊ. पाया पडते तुझ्या, निजू नको देऊ."

आणि ती अनवाणीच पळत सुटली.

नुसतं बोलायचंच होतं तर बाईला याहून लायक माणूस उभ्या तालुक्यात मिळाला नसता. कारखान्यात कमलाकांतला सगळे 'का-कांत' म्हणत. त्याला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असे, आणि उत्तर मिळायच्या आत त्याला दुसरा प्रश्न पडलेला असे. त्यातून तो शिरगावचा, घरच्या पानवेली. पान लागणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तंबाखू जास्त झाली की डोकं गरगरतं, घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं. एका हळदीला तो स्वतःच मांडवात आडवा झाला होता. एवढ्यासाठी दवाखाना? पण बाईचा चेहरा आठवून त्याला वाईट वाटलं. गरीब माणसं, घाबरतात.

"नाव काय रे तुझं?"

"झिप... रू." जीभ जड झाली होती.

"मग झिपरू, पान खाल्लंस तर तोंड लाल कसं नाही?" उत्तर त्यानंच दिलं. "कात घातला नसणार. कात म्हणजे खैराचं लाकूड. खैर तुमच्याच डोंगरातला ना? पण लाकूड उकळलं की असा रंग सुटतो, हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल?"

झिपरूच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

कातावरून गाडी चुन्यावर आली, चुन्यावरून शिंपल्यांवर, शिंपल्यांवरून समुद्रावर. "आता बघ, बोंबील जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो. मग त्याच्या कालवणात वरून मीठ का घालावं लागतं?"

झिपरूनं मोठ्या कष्टानं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी मागणं होतं. कमलाकांतनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. ते आत गेलंच नाही, ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळलं.

आता मात्र काय करावं ते त्यालाही सुचेनासं झालं. एसटीचा पत्ता नाही, बाईचा पत्ता नाही. गाड्या थांबत नव्हत्या. त्याच्या हातात बोलण्याशिवाय काही नव्हतं, म्हणून तो बोलत राहिला.

समोर विजेच्या तारेवर कावळा बसला होता. "त्याला वीज का लागत नाही रे?" आणि तिथंच तो अडला. "लागणं! झिपरू, हा शब्द बघ किती ठिकाणी राबतो. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, वीज लागते. पान लागतं!"

झिपरूनं हात उचलायचा प्रयत्न केला. बोट थरथरत पायाकडे गेलं, फडक्याकडे.

"विळा लागला? बघ, आणखी एक सापडलं!" कमलाकांत खुलला.

बोट खाली पडलं. मग मान कमलाकांतच्या खांद्यावर आली.

निजू नको देऊ, हे त्याच्या लक्षात होतं. त्यानं दोनदा हलवलं, हाका मारल्या. डोळे उघडेनात. मग त्याला त्या माणसाची कणव आली. पान लागलेल्याला झोपेसारखं दुसरं औषध नाही, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. घाबरलेल्या बाईला ते काय माहीत? त्यानं झिपरूला बाकावर आडवं केलं, आपली पिशवी उशाला दिली आणि वर्तमानपत्रानं माश्या वारत बसला.

डोळाही लागतोच की, त्याच्या मनात आलं. हे सांगायला आता कुणी जागं नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

धुरळा उडवत टेम्पो आला. थांबायच्या आतच नवसीनं उडी टाकली.

कमलाकांतनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू, बाई. आत्ताच डोळा लागलाय."

तिनं त्याला बाजूला ढकललं. नवऱ्याला गदागदा हलवलं. नाकापुढे हात धरला, छातीला कान लावला. पुन्हा नाकापुढे हात धरला. मग ती बाकाजवळ खालीच बसली. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

"अगं, तंबाखू जास्त झाली असेल," कमलाकांत म्हणाला. "झोपेत उतरतं पान."

नवसी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. आता नाव घ्यायला हरकत नव्हती.

"साप, भाऊ," ती म्हणाली.